डाळ सोडू नका, आधी लघवी तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दर्यापूरकडचे एक भाऊ विचारतात की वडील ५८ वर्षांचे, वजन ६२ किलो, घरची शेती, नऊ वर्षांपासून शुगर, गोळ्यांवर आहेत. परवाच्या रिपोर्टात क्रिएटिनिन १.४ आलं आणि लघवीतून अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, जातंय, आकडा १८०. आता गावातले एक जाणकार म्हणाले डाळ, अंडी, दूध सगळं बंद करा नाहीतर डायलिसिसवर जाल, आणि अमरावतीला जिममध्ये जाणारा पुतण्या प्रोटीन पावडरचा डबा घेऊन आला, रोज दोन स्कूप पाजा म्हणतो, प्रोटीननं शुगर वाढत नाही म्हणून. आई रडकुंडीला आलीय, तिला कळेना स्वयंपाक काय करायचा. यात खरं कोणाचं?

खरं सांगू का भाऊ, दोघांचंही नाही. पण दोघांतला जास्त धोकादायक कोण म्हणाल तर आपल्याकडे डाळ बंद करणारा. का ते सांगतो, थोडं लांबेल.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २२ वर्षांपासून फिजिशियन म्हणून बसतो. मागच्या वर्षी एक आजोबा आले, ६६ वर्षांचे, सोबत पेढ्याचा पुडा. शुगरच्या पेशंटनं डॉक्टरला पेढे आणायचे म्हणजे आधीच कमाल, पण कारण विचारलं तर म्हणाले, "डाक्तर साहेब, म्या दाय सोडली, अंडे सोडले, दूध सोडलं, आठ महिने झाले, आता पाहा किडनी सुधरून राह्यली." रिपोर्ट पुढे ठेवला. क्रिएटिनिन १.५ वरून १.२. घरचे सगळे खूश. मी रिपोर्टाकडे नाही, त्यांच्या पट्ट्याकडे बघत होतो. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली तीन नवी भोकं होती. वजन ६४ चं ५३ झालेलं. स्टुलावरून उठताना दोन्ही तळहात माझ्या टेबलावर टेकवून उठले, मांड्यांत ताकदच नव्हती. लघवीचं अल्ब्युमिन पाहिलं तर ३१० होतं ते ४८० झालेलं, आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ७.४ वरून ८.९, कारण डाळ गेली की पोट भरायला भात, पोळी आणि चहाबरोबर टोस्टच उरतात ना.

मग क्रिएटिनिन कमी कसं झालं? तर क्रिएटिनिन हा मुळात स्नायूंतून निघणारा कचरा आहे. स्नायूच झिजले की कचराही कमी निघतो. किडनी होती तिथंच होती, उलट थोडी खालीच गेली असेल, माणूस मात्र अर्धा झाला. शंका असेल तर सिस्टॅटिन सी नावाची रक्ताची टेस्ट असते, ती स्नायूंवर तेवढी अवलंबून नसते, नागपूर-अमरावतीला होते, पण या आजोबांच्या बाबतीत पट्टाच पुरेसा होता. पेढे मी स्टाफला वाटले. आजोबांना परत वरणावर आणायला तीन व्हिजिट लागल्या, कारण एकदा डोक्यात भीती बसली की ती निघत नाही बाप्पा.

आता ही भीती हवेतून आलेली नाही, तिच्यात तथ्य आहे, ते समजून घ्या. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. ठिबकचा फिल्टर आठवा, त्याची जाळी ठरावीक प्रेशरला चालते, तुम्ही मोटर मोठी लावली तर सुरुवातीला पाणी जास्त येतं, आपल्याला वाटतं मस्त चाललंय, पण जाळी हळूहळू फाटते आणि मग माती आरपार जायला लागते. प्रोटीन जास्त खाल्लं की गाळणीकडे येणारी रक्ताची नळी रुंद होते आणि आतलं प्रेशर वाढतं. डायबेटिसमध्ये ती नळी आधीच जास्त उघडी असते, शुगरमुळेच. म्हणजे मोटर आधीच मोठी, त्यावर प्रोटीनचा मारा. हा विचार १९८२ च्या सुमाराला ब्रेनर नावाचे अमेरिकन किडनीतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आणि तेव्हापासून किडनीवाल्यांचं प्रोटीन कमी करायची पद्धत पडली. लघवीतून जाणारं अल्ब्युमिन म्हणजे ती आरपार जाणारी माती.

पण मग प्रोटीन खूप कमी केलं तर किडनी वाचते का? १९९४ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, एमडीआरडी नावाचा, त्यात कमी प्रोटीनचा फायदा काही ठोस दिसला नाही, आणि इन्सुलिन घेणारे डायबेटिसचे पेशंट तर त्यात घेतलेच नव्हते. त्यामुळे आज किडनीच्या जागतिक गाइडलाइन काय म्हणतात, तर डायबेटिस आहे, किडनीला त्रास सुरू झालाय पण डायलिसिस नाही, अशा माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८ ग्रॅम प्रोटीन. आणि १.३ च्या वर नेऊ नका. काही ठिकाणी ०.६ ते ०.८ असंही आहे पण ०.६ वर ठेवायचं तर आहारतज्ज्ञाचा हात धरूनच, घरच्या घरी नाही. आणि गंमत बघा, आपल्या आयसीएमआरनं २०२० मध्ये धडधाकट भारतीय माणसाला दिलेला आकडा ०.८३ आहे. म्हणजे किडनीच्या पेशंटला जे सांगितलंय ते जवळजवळ तुमच्या-माझ्याएवढंच. "प्रोटीन कमी करा" हा सल्ला मुळात रोज भरपूर मांस खाणाऱ्या देशांतला आहे, तिथं कमी करून ०.८ वर यायचं असतं. आपला माणूस बहुतेक वेळा तिथंच बसलेला असतो, त्याला अजून खाली ढकललं तर तो खड्ड्यात जातो.

पटत नसेल तर तुमच्या वडिलांचं ताट मोजू. ६२ किलो गुणिले ०.८, साधारण ५० ग्रॅम. सकाळ-दुपारचे दोन चहा, त्यातलं दूध, ३ ग्रॅम. पोह्यांची एक प्लेट, ४. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरलं तर दोन्ही मिळून १२, वाटीभर घट्ट वरण म्हणजे कच्ची डाळ २५-३० ग्रॅम, ती ६, भाजीचे २. रात्री दोन पोळ्या ७, मूठभर तांदळाचा भात ४, झुणका, त्यात ३० ग्रॅम बेसन, ६, आणि वाटीभर दही ५. बेरीज ४९. काही न करता, कुठलाही डाएट चार्ट न चिकटवता, माणूस बरोबर जागेवर आहे.

आता गावातल्या जाणकारांचं ऐका. वरण गेलं, झुणका गेला, दही गेलं, ४९ मधून १७ गेले, उरले ३२. किलोमागे अर्धा ग्रॅम. हे शेतात राबणाऱ्या माणसाला उपाशी ठेवणं झालं. आणि पुतण्याचं ऐका, दोन स्कूप म्हणजे साधारण ५० ग्रॅम वर, एकूण शंभराच्या घरात, किलोमागे १.६. ती मोठी मोटर झाली. दोन्हीकडे चूक कुठे आहे ते आकड्यात दिसतं, भांडायची गरज नाही.

एक मात्र सांगतो, हे गणित कच्च्या डाळीवर करायचं. आपल्याकडे पाच माणसांत दोन मुठी डाळ आणि वर तांब्याभर पाणी असं वरण असतं, त्याची वाटी म्हणजे २ ग्रॅम पण नाही. पेशंट सांगतो रोज वरण खातो, आणि खातो काय तर हळदीचं पाणी. आईंना सांगा, वडिलांसाठी डाळ वेगळी मोजायची गरज नाही, फक्त तळातून घोटलेली घट्ट वाटी आधी त्यांना वाढा. अंडं चालतं, एकात ६ ग्रॅम, ज्या दिवशी दोन अंडी त्या दिवशी झुणका नको एवढंच. सोयाबीन घरचं असतं म्हणून बरेच जण गव्हात दळून आणतात, थोडं असेल तर हरकत नाही, पण सोयाबीनच्या वड्या जपून, त्या वजनाच्या अर्ध्याहून जास्त प्रोटीनच असतात, मूठभर वड्यांची भाजी आणि वरण दोन्ही एका जेवणात नको. बाकी डाळीचं प्रोटीन किडनीला मटणापेक्षा सोपं जातं, त्यातलं फॉस्फरस शरीर कमी शोषतं आणि आम्लाचा भारही कमी पडतो. म्हणजे आपण पहिल्यांदा नेमकी तीच गोष्ट सोडतो जी सगळ्यात बरी आहे.

मटणाचं विचारलं नाही तुम्ही पण विचारणार आहात, मला माहीत आहे. सावजी रस्सा महिन्यातून एक-दोनदा, चार फोडी, खा. पण मग ताटात आणखी झुणका, दही नको, आणि रस्सा वाटीनं पिऊ नका कारण मीठ आणि तेल सगळं तिथंच असतं. आणि रक्त तपासायच्या आदल्या रात्री मटण-चिकन नको, शिजलेल्या मांसानं क्रिएटिनिन तात्पुरतं वर जातं. पोळ्याच्या करीला मटण, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट, आणि तिसऱ्या दिवशी रडारड, हे मी दरवर्षी बघतो.

आता तुमच्या वडिलांची किडनी नेमकी कुठं आहे. क्रिएटिनिन १.४ आणि वय ५८ म्हणजे ईजीएफआर, किडनी किती गाळते त्याचा अंदाजी आकडा, साधारण ५८ येतो. ६० च्या खाली, म्हणजे तिसऱ्या टप्प्याची वरची पायरी, पण हे तीन महिने टिकून असेल तरच म्हणायचं. लघवीचा एसीआर, म्हणजे तोच अल्ब्युमिनचा आकडा, ३० च्या आत नॉर्मल, ३० ते ३०० मध्ये थोडी गळती, ३०० च्या वर जास्त. १८० म्हणजे मधला. आणि हा एकाच लघवीवर ठरवू नका, ताप असेल, लघवीत इन्फेक्शन असेल, आदल्या दिवशी अंगमेहनत जास्त झाली असेल तरी वाढतो. सकाळची पहिली लघवी, तीन ते सहा महिन्यांत तीनदा, त्यातल्या दोनदा वाढलेला आला तर खरा. टाइप टू डायबेटिसमध्ये ही टेस्ट निदान झालं त्याच दिवशी आणि मग दर वर्षी व्हायला पाहिजे. नऊ वर्षांत तुमच्या वडिलांची किती वेळा झाली? बहुतेक ही पहिलीच असेल. बायांचं तर अजून वाईट, ६० वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.१ आलं की रिपोर्टवर नॉर्मलच्या रेषेत बसतं, कोणी बघत नाही, आणि ईजीएफआर काढला तर ५७ निघतो. म्हणून आईंचीही शुगर असेल तर त्यांची लघवी पण त्याच दिवशी द्या.

आणि ज्यांचा एसीआर ३० च्या आत आणि ईजीएफआर चांगला, त्या डायबेटिसवाल्यांनी हे वाचून डाळ मोजायला बसू नका. तुम्हाला प्रोटीन कमी करायचं कारण नाही, पुतण्याचं म्हणणं तुमच्या बाबतीत थोडं बरोबरही आहे, जेवणात आधी उसळ-वरण आणि मग भाकरी घेतली तर जेवणानंतरची शुगर कमी उसळते. आणि डायलिसिस सुरू झालेल्यांचं गणित अगदी उलटं, त्यांना १ ते १.२ ग्रॅम लागतं कारण मशीनमधून प्रोटीन वाहून जातं. डायलिसिसवर असून जुन्या धाकानं डाळ न खाणारे पेशंट मी पाहिलेत, ते खंगून जातात.

पण भाऊ, मला जे खरं म्हणायचंय ते हे, की प्रोटीनवर एवढा वाद घालताना किडनी खाणाऱ्या बाकीच्या गोष्टींकडे कोणाचं लक्ष नसतं. पहिली, दुखण्याची गोळी. कापूस वेचून, सोयाबीन सोंगून कंबर दुखते, किराणा दुकानातून दहा रुपयांची गोळी, नाहीतर सुई टोचून घ्यायची. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही मंडळी गाळणीकडे येणारी नळी आवळतात. त्यात बीपीची गोळी, त्यात मे महिन्यातलं ४५ डिग्रीचं ऊन आणि घामानं सुकलेलं अंग, तिन्ही एकत्र आले की चांगली किडनी पण चार दिवसांत बसते. वडिलांच्या खिशात, उशीखाली, औताच्या पेटीत बघा, पट्टी सापडेल. दुखलं तर पॅरासिटामॉल, शेक, तेल.

दुसरी, मीठ. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे एक सपाट छोटा चमचा, सगळं धरून. ठेचा, लोणचं, पापड, कुरड्या, खाराच्या मिरच्या, हे सगळं त्यातच. सैंधव मीठ म्हणजे पण मीठच, आणि ते लो सोडियम म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम भरलेलं असतं, किडनी आणि बीपीच्या गोळ्या असताना डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. तुम्ही दर्यापूरकडचे म्हणजे खारपाणपट्टा, तिथं बोअरचं पाणीच मचूळ, ते पाणी पिणं म्हणजे न मोजलेलं मीठच पोटात जाणं. प्यायला आणि स्वयंपाकाला तरी नळयोजनेचं किंवा आरओ फिल्टरचं गोडं पाणी घ्या. मीठ कमी केलं की बीपीच्या गोळ्या पण नीट लागतात. बीपी १३० बाय ८० च्या खाली पाहिजे आणि हे मी प्रोटीनपेक्षा वर ठेवतो.

तिसरी म्हणजे न घेतलेली औषधं. लघवीत अल्ब्युमिन जात असेल तर टेल्मिसार्टन, लोसार्टन या जातीची गोळी हवी, ती गाळणीतून बाहेर जाणारी नळी मोकळी करते, आतलं प्रेशर उतरतं. २००१ पासून याचा पुरावा आहे. आणि डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीची औषधं दुसऱ्या बाजूनं काम करतात, आत येणारी जास्त उघडी नळी जागेवर आणतात. २०१९-२० च्या मोठ्या अभ्यासांत किडनी बिघडण्याचा वेग यांनी चांगलाच कमी केलेला दिसला, आणि २०२० नंतर आपल्याकडे डॅपाग्लिफ्लोझिन जेनेरिकमध्ये आल्यानं स्वस्त पण झालं. डाळ बंद करून जे मिळत नाही ते इथं मिळतं. ही औषधं सुरू केली की पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन थोडं वाढतं, १.४ चं १.६ होईल, ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही चालवून घेतो, प्रेशर उतरल्याची खूण असते ती. नेमकं इथंच घरचे घाबरून गोळी बंद करतात. करू नका, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन दोन ते चार आठवड्यांनी तपासून डॉक्टरला दाखवा. उलट्या-जुलाब लागले, जेवण जात नसेल, तेव्हा मात्र या दोन्ही गोळ्या आणि मेटफॉर्मिन थांबवायची का ते त्याच दिवशी फोन करून विचारायचं. मेटफॉर्मिन ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की कमी करतात आणि ३० च्या खाली बंद, तुमच्या वडिलांना आज तो प्रश्न नाही.

संत्री, केळी, टमाटे, पालक सगळं बंद, असंही कोणी सांगेल. रक्तातलं पोटॅशियम तपासा, नॉर्मल असेल तर काही बंद नाही, संत्र्याच्या भागात राहून संत्रं न खाणं म्हणजे शिक्षाच. एक संत्रं खा, ज्यूस नको, तो शुगरसाठी नको. भस्म, काढे, मुळ्या यांच्याबद्दल एवढंच म्हणतो की ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही ती पुडी किडनीच्या माणसानं घेऊ नये, मग देणारा कितीही भला असो.

आईंना सांगा वेगळा स्वयंपाक करायचा नाही. सगळ्यांच्याच भाजीत मीठ थोडं कमी, वरण सगळ्यांचंच घट्ट, वडिलांचं ताट आज जसं आहे तसंच, फक्त त्यातून लोणचं आणि पापड उचलायचा. पंधरा दिवसांनी वजन करा, एकाच काट्यावर, आणि वहीत लिहा. दर महिन्याला वजन उतरत असेल तर डाळ वाढवायची की आणखी काही ते बघू.

आणि तो पावडरचा डबा. सील फोडलं नसेल तर दुकानदार परत घेतो का विचारून बघा. फोडलं असेल तर पुतण्यालाच देऊन टाका, त्यानं भावनेनं आणला होता, चांगला पोट्टा आहे. फक्त त्याला म्हणावं, वडिलांना घेऊन अमरावतीला लघवीच्या टेस्टला तूच जा, सकाळची पहिली लघवी न्यायची आहे, सातच्या बसनं.